चारा, वाट आणि बाजार : बीड जिल्ह्यातील मेंढीपालन व गोवंशपालनाला द्यावयाच्या आधाराचा विचार

प्रस्तावना

भारत हा कृषिप्रधान देश आहे, हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येते की शेतीबरोबर चालत आलेल्या पशुपालनाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष व्हावे यात नवल नाही. पर्जन्यछायेच्या प्रदेशात मात्र शेती आणि पशुपालन वेगळे करता येत नाही. पाऊस झाला तर पीक, पाऊस हुकला तर जनावर, असा तेथील कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब असतो. मराठवाड्यातील बीड जिल्हा हे या हिशेबाचे ठळक उदाहरण होय. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून बीड सर्वत्र ओळखला जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने घरी काय गमावले आहे, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग गोठ्यात आणि मेंढ्यांच्या वाड्यात सापडतो.

पशुपालकांना मदत करावी याविषयी दुमत नाही. राज्य शासनाच्या अनेक योजनाही आहेत. या योजनांचा गाभा बहुधा जनावर देणे, जनावराच्या खरेदीस अनुदान देणे किंवा संकटकाळी जनावर जगविणे हा असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की बीडसारख्या जिल्ह्यात पशुपालकाची मूळ उणीव जनावराची नाही. जनावर ज्यावर जगते तो चारा, ज्या वाटेने ते फिरते ती वाट आणि ज्या ठिकाणी त्याचे मोल होते तो बाजार, या तीन गोष्टी आक्रसत गेल्या आहेत. त्या पूर्ववत झाल्याशिवाय दिलेले जनावर टिकत नाही आणि पशुपालनावर उभे असलेले गावही टिकत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू अर्थव्यवस्थेत मेंढी व गोवंश यांचे परस्परपूरक स्थान स्पष्ट करणे.
२. चारा, स्थलांतराची वाट आणि बाजार या तीन घटकांत झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.
३. प्रचलित शासकीय आधाराचे स्वरूप तपासून उपाय सुचविणे.

लेखाची मांडणी पशुगणना, शासन निर्णय, कायदे व न्यायालयीन निकाल यांसारख्या दुय्यम साधनांवर आधारलेली असून तिचे स्वरूप विवरणात्मक आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी आहे. त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. मध्यातून बालाघाटची डोंगररांग जाते आणि ती जिल्ह्याचे दोन स्वभाव ठरविते. गेवराई, माजलगाव व परळी तालुक्यांचा गोदावरीकडील भाग काळ्या, खोल जमिनीचा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर आणि बीड तालुक्याचा काही भाग मात्र हलक्या, मुरमाड जमिनीचा व उतारांचा आहे. सरासरी वार्षिक पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असले तरी ते सरासरीप्रमाणे क्वचितच पडते. १९७२ चा दुष्काळ आजही वृद्धांच्या तोंडी आहे. अलीकडे २०१२-१३, २०१४ ते २०१६ आणि २०१८-१९ या काळातही जिल्ह्याने दुष्काळाच्या झळा सोसल्या.

बालाघाटच्या हलक्या जमिनीवर नांगराने जे साधत नाही ते गवताने साधते. पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवते खडकाळ उतारावरही तग धरतात. माणसाला न पचणाऱ्या या गवताचे दूध, मांस, लोकर, खत आणि श्रमशक्ती यांत रूपांतर करण्याचे काम जनावर करते. म्हणून या भागात पशुपालनाला केवळ शेतीचा जोडधंदा म्हणणे अपुरे ठरते. निम्म्या जमिनीचा तोच खरा उपयोग होय.

मेंढी आणि गोवंश : एक परस्परपूरक व्यवस्था

दख्खनचे पठार हे दख्खनी मेंढीचे माहेर आहे. काळ्या किंवा काळ्या-पांढऱ्या रंगाची, जाड्याभरड्या लोकरीची ही मेंढी दररोज मैलोन्‌मैल चालू शकते आणि उन्हाळ्यातील वाळक्या काडीवरही दिवस काढते. तिचे पालन प्रामुख्याने धनगर समाजाच्या हाती राहिले. गोवंशाच्या बाबतीत लाल कंधारी व देवणी या मराठवाड्याच्या दोन नामांकित जाती होत. लाल कंधारीचा बैल ओढकामाला काटक, तर देवणी दूध व काम या दोहोंस उपयुक्त. लाल कंधारीच्या पैदास क्षेत्रात नांदेड, परभणी, लातूर यांबरोबर बीडचाही समावेश होतो.

मेंढी आणि गाय-बैल एकाच कुरणावर चरत असले तरी त्यांच्यात फारशी स्पर्धा नसते. गाय जिभेने गवताचा झुपका ओढून खाते आणि त्यामुळे तिला उंच गवत लागते. मेंढीचे तोंड अरुंद व ओठ चपळ असल्याने ती जमिनीलगतचे आखूड गवत, पालापाचोळा व तण वेचून खाते. गाईच्या मागून मेंढी चरली तर कुरणाचा पूर्ण उपयोग होतो. एका जातीचे जंत दुसऱ्या जातीच्या शरीरात बहुधा वाढत नसल्याने रोगाचा फेराही काही अंशी तुटतो. युरोप व न्यूझीलंडमधील पशुपालक मेंढ्या व मांसल गुरे एकत्र पाळतात, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे या तत्त्वाला शास्त्रीय नाव नव्हते, पण व्यवहार होता.

या व्यवहाराचा दुसरा दुवा खताचा. पीक निघाल्यावर शेतकरी मेंढपाळाला आपल्या रानात मेंढ्या बसविण्यास बोलावतो. रात्री वाघर लावून कळप एका तुकड्यात कोंडला जातो आणि दुसऱ्या रात्री तो पुढच्या तुकड्यात सरकतो. लेंडी व मूत्र थेट मातीत मिसळते. वाहतुकीचा खर्च नाही आणि खत वाया जात नाही. मोबदला म्हणून शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. कपाशीच्या पट्ट्यात याला आणखी एक परिमाण मिळाले आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान केल्यानंतर, वेचणी संपलेल्या शेतात शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे नष्ट करावीत, असा सल्ला कृषितज्ज्ञ देत आले आहेत. म्हणजे मेंढपाळ हा शेतकऱ्याचा खत पुरवठादार आहे तसाच पीक संरक्षकही आहे. या सेवेची नोंद मात्र कोणत्याही आकडेवारीत होत नाही.

तिसरा दुवा जोखमीचा. दुष्काळात पीक पूर्ण बुडते. कळप पूर्ण बुडत नाही, कारण तो चालू शकतो. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असल्याने चांगल्या पावसानंतर कळप दोन-तीन वर्षांत भरून निघतो. लग्न, आजारपण, मुलाचे शिक्षण अशा प्रसंगी दोन कोकरे विकून पैसा उभा करता येतो. बँकेची पायरी न चढता मिळणारे हे कर्ज आहे आणि त्याचे व्याज कुरण भरते.

चारा : आटत गेलेला पाया

या व्यवस्थेचा पाया चारा. तो तीन ठिकाणांहून येत असे : गावाचे गायरान, शेतातील कडबा आणि बांधावरचे व वनातील गवत. या तिन्ही स्रोतांची स्थिती पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. हेच गायरान. तथापि गायरानाचा इतिहास केवळ चराईचा नाही. मराठवाड्यात भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांनी पोटासाठी गायराने कसली. १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि पुढे बीड जिल्ह्यातून एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाद्वारे चालविलेला लढा हे या प्रश्नाचे महत्त्वाचे टप्पे होत. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. दुसऱ्या बाजूस, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही नमूद केला आहे.

गायरानाच्या वादात मेंढपाळ व भूमिहीन हे एकमेकांचे शत्रू म्हणून उभे केले जातात. वस्तुतः दोघेही जमिनीपासून वंचित आहेत. गायराने आक्रसण्यास सार्वजनिक इमारती, रस्ते, प्रकल्प व धनदांडग्यांची अतिक्रमणेही तितकीच कारणीभूत आहेत. २०२३ पासून राबविण्यात येत असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी शासकीय व गायरान जमिनी वापरल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे गरजेचेच आहे. परंतु त्यासाठी कुंपण पडलेल्या गायरानावर चरणारी जनावरे कोठे जातील, हा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात क्वचितच उमटतो.

दुसरा स्रोत कडब्याचा. ज्वारी हे मराठवाड्याचे माणसांचे व जनावरांचे समाईक अन्न होते : कणीस माणसाला आणि ताट जनावराला. रब्बीतील मालदांडीचा कडबा गोड व मऊ म्हणून जनावरे आवडीने खात. गेल्या काही दशकांत ज्वारीचे रान कपाशी व सोयाबीनकडे वळले. रोख पैशाच्या दृष्टीने हा निर्णय शेतकऱ्यासाठी तर्कसंगतच होता. मात्र पऱ्हाटीने गोठा भरत नाही आणि सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. पीक बदलाचा हिशेब मांडताना धान्याचा भाव पाहिला गेला, पण पेंढीचा भाव पाहिला गेला नाही. परिणामी ज्याच्या घरी कडब्याची गंज असे, तोच शेतकरी उन्हाळ्यात शेकड्याच्या भावाने पेंढ्या विकत घेऊ लागला.

तिसरा स्रोत बांध व वने. बांधावरचे गवत तणनाशकांनी नाहीसे झाले. वनक्षेत्रात रोपवनांच्या संरक्षणासाठी चराईबंदी येते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये चराईचा तसेच भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य करण्यात आला आहे. परंतु धनगरांसारख्या समाजांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचे घरच बिऱ्हाडावर आहे त्याने पंचाहत्तर वर्षांच्या निवासाचा कागद कोठून आणावा, ही त्यातील व्यावहारिक अडचण आहे.

वाट : चालण्याचा हक्क

मेंढपाळाचे स्थलांतर हा मागासलेपणाचा अवशेष आहे, अशी समजूत सुशिक्षितांत आढळते. ती बरोबर नाही. जेथे पाऊस अनिश्चित असतो तेथे चारा एका जागी थांबत नाही, म्हणून कळपालाही थांबता येत नाही. पावसाळ्यात डोंगरपट्ट्यातील माळरान, सुगीनंतर खोल जमिनीतील मोकळी राने आणि उन्हाळ्यात पाण्याच्या कडेची ठिकाणे, असा हा फेरा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. त्यामागेही फिरस्त्या पशुपालनाच्या उपयुक्ततेची हीच जाणीव आहे.

वाट बंद होते ती अनेक प्रकारे. बागायतीमुळे वर्षभर पिके उभी राहतात आणि मोकळे रान उरत नाही. कुंपणे वाढतात. रस्त्यांवरील वाहतूक वाढल्याने कळप नेणे धोक्याचे होते. अनोळखी गावात चोरीचे व मारहाणीचे भय असते. पशुवैद्यकीय दवाखाना एका गावी असतो आणि कळप दुसऱ्या गावी. आंत्रविषार, पीपीआर, देवी, निळी जीभ यांसारखे रोग पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचून बहुतांशी रोखता येतात. पण लसीकरणाची मोहीम गावाच्या नोंदवहीप्रमाणे चालते आणि वाटेवरचा कळप कोणत्याच नोंदवहीत नसतो. मुलांच्या शाळेचेही तसेच. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची व्यवस्था काही प्रमाणात उभी राहिली आहे. तिचे वेळापत्रक मात्र गाळप हंगामाचे असते आणि मेंढपाळाचा हंगाम त्याच्याशी जुळत नाही.

येथे ऊसतोडीचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. बीडमधून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांतील बैलगाडीवाली कुटुंबे आपली बैलजोडीही बरोबर नेतात. तेथे बैलांना उसाचे वाढे मिळते. म्हणजे गावी जो चारा मिळत नाही तो कारखान्याच्या परिसरात मिळतो. ही कुटुंबे मजुरीसाठी जातात हे खरे, पण बैल जगविण्यासाठीही जातात, ही बाब दुर्लक्षिली जाते. कोरडवाहू शेतकरी आणि मेंढपाळ हे दोघेही चाऱ्याच्या मागे चालत आहेत. फरक इतकाच की एकाच्या चालण्याला हंगाम म्हणतात आणि दुसऱ्याच्या चालण्याला भटकंती.

बाजार : मोल कोण ठरवितो

पशुपालनातून तीन वस्तू बाजारात येतात : लोकर, मेंढ्या-कोकरे आणि गाय-बैल. या तिन्हींच्या बाजाराची कथा वेगळी आहे.

दख्खनी मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा किलो जाडीभरडी लोकर मिळते. तिच्यापासून सणगर कारागीर घोंगडी विणत. शेतकरी, मेंढके व वारकरी हे तिचे नित्याचे ग्राहक होते. कृत्रिम धाग्यांची स्वस्त पांघरुणे आल्यावर हा ग्राहक गेला. आज अनेक ठिकाणी लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही निघत नाही. लोकरीचे मोल गेल्याने मेंढपाळ मांसासाठी जलद वाढणाऱ्या जातींकडे वळला आणि दख्खनी मेंढीचे शुद्ध कळप विरळ होत गेले. काटकपणा हा या जातीचा मुख्य गुण आहे. तो बाजारात विकला जात नाही, पण दुष्काळात तोच कामी येतो.

मेंढीच्या मांसाला मागणी चांगली आहे. तरीही मेंढपाळाची सौदाशक्ती कमी राहते, कारण व्यवहार वजनावर होत नाही. व्यापारी नजरेने अंदाज घेतो आणि नगावर भाव सांगतो. नेकनूरसारख्या आठवडी बाजारांत जनावरांची खरेदी-विक्री पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु अशा बाजारांत रुमालाखालचा सौदा ज्याला कळतो तो हेडीच अधिक लाभ घेतो. साधा वजनकाटा बसविल्यानेही विक्रेत्याचा हात बळकट होऊ शकतो.

गोवंशाच्या बाजाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ ने गाईच्या कत्तलीस बंदी होतीच. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणेस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. म्हशींना ही बंदी लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यातील गोमांस बाळगण्यास मनाई करणारे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम रद्दबातल ठरविले.

कायद्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. गोवंशाविषयीची श्रद्धा ग्रामीण समाजात खोल आहे आणि पोळ्याच्या दिवशी बैलापुढे हात जोडणारा शेतकरी तो मनापासून जोडतो. येथे प्रश्न आहे तो खर्चाच्या वाटणीचा. पूर्वी दहा-बारा वर्षे राबलेला बैल शेतकरी बाजारात विकत असे आणि त्या रकमेत भर घालून नवी जोडी घेत असे. म्हाताऱ्या बैलाची किंमत हा नव्या बैलाचा पहिला हप्ता होता. ती किंमत नाहीशी झाल्यावर उरलेल्या वर्षांचा चारा व पाणी शेतकऱ्यावर पडले. हा बदल आला तोही २०१४ ते २०१६ या सलग दुष्काळाच्या काळात, जेव्हा जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हते.

विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या २०१२ मधील सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. ही घट जवळपास १० टक्के आहे. याच काळात मेंढ्यांची संख्या किंचित वाढून सुमारे २७ लाख झाली. गोवंशातील घटीचे श्रेय किंवा दोष एकट्या कायद्याला देता येणार नाही. ट्रॅक्टरचा प्रसार, दुष्काळ, चाराटंचाई आणि मजुरांचा अभाव ही कारणेही तितकीच प्रबळ आहेत. परंतु जे जनावर विकताना अडचण येते ते विकत घेताना शेतकरी दहा वेळा विचार करतो, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व येथेही लागू पडते. त्यात २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्या वेळी गोवंशाच्या लसीकरणासाठी शेळ्यांच्या देवी रोगावरील लस वापरण्यात आली. लहान व मोठ्या जनावरांचे आरोग्य परस्परांशी किती निगडित आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

शासकीय आधाराचे स्वरूप

मेंढीपालनासाठी पुणे येथे मुख्यालय असलेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ कार्यरत आहे. त्याच्या प्रक्षेत्रांपैकी एक बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती-क प्रवर्गातील लाभार्थ्यास २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. पुढे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये चराई अनुदानाची योजनाही आली. या दुसऱ्या योजनेचे महत्त्व विशेष आहे. पावसाळ्यात रानात पिके उभी असल्याने मेंढपाळाची सर्वाधिक कोंडी होते, हे तिने ओळखले.

शेजारच्या तेलंगणाचा अनुभव बोधप्रद आहे. तेथेही २०१७ मध्ये २० मेंढ्या व १ नर याच प्रमाणात, ७५ टक्के अनुदानावर मेंढीवाटपाची मोठी योजना सुरू झाली. २०१९ च्या पशुगणनेत तेलंगणा सुमारे १ कोटी ९० लाख मेंढ्यांसह देशात पहिल्या क्रमांकावर आला. तथापि त्या योजनेच्या अंमलबजावणीतील अनियमितताही महालेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदल्या गेल्या. संख्या वाढविणे आणि उपजीविका टिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संशोधनाच्या बाबतीतही तेच. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालमधील गरोळ मेंढीचा जुळ्यांना कारणीभूत ठरणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात विकसित केली. हे काम मोलाचे आहे, कारण तीत जुळ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढते. मात्र दोन कोकरांना दूध पाजणाऱ्या मेंढीला चाराही अधिक लागतो. कुरण नसेल तर जुळी कोकरे वरदान न ठरता ओझे ठरतात. चांगल्या जनुकालाही गवताची साथ लागतेच.

संकटकाळातील आधाराचे उदाहरण म्हणजे चारा छावण्या. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड हा सर्वाधिक छावण्यांच्या जिल्ह्यांपैकी एक होता. मे २०१९ मध्ये प्रतिदिन अनुदान मोठ्या जनावरास १०० रुपये व लहान जनावरास ५० रुपये करण्यात आले. छावण्यांनी असंख्य गुरे वाचविली, हे मान्य करावेच लागेल. पण छावणीची रचना मुख्यतः दावणीच्या जनावरासाठी असते आणि फिरत्या कळपाचा तिच्याशी मेळ बसत नाही. शिवाय छावणी उठल्यावर शेतकरी परत त्याच कोरड्या गोठ्याकडे येतो. एका दुष्काळात छावण्यांवर होणाऱ्या खर्चाचा अंशही चांगल्या वर्षात वैरण साठविण्यावर होत नाही.

गोवंशाच्या बाबतीत ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. गोशाळेतील गाईच्या पोषणाचा भार समाजाने उचलावा, हे तत्त्व यातून मान्य झाले. परंतु आपल्या गोठ्यात म्हातारा बैल अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व लागू होत नाही. श्रद्धा सर्वांची आणि खर्च एकट्याचा, अशी ही विषम वाटणी आहे.

उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतात.

१. गायरानाची गावनिहाय नोंद अद्ययावत करून चराईयोग्य क्षेत्र ग्रामसभेने निश्चित करावे. भूमिहीनांची नियमित झालेली शेती त्यातून वगळावी. उरलेल्या क्षेत्रावर मारवेल, पवना यांसारख्या गवतांची लागवड व आळीपाळीने चराईबंदी अमलात आणावी.

२. गायरानावर सौर प्रकल्प उभारताना तावदानांखाली व रांगांमध्ये मेंढ्या चारण्याची तरतूद करारातच असावी. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत ही पद्धत रूढ होत आहे. गवत काढण्याचा खर्च वाचत असल्याने प्रकल्पचालकाचाही त्यात लाभ आहे.

३. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने धान्य व कडबा दोन्ही देणारे ज्वारीचे वाण दिलेले आहेत. ज्वारीच्या प्रोत्साहनाचा हिशेब करताना कडब्याचे मूल्य धरावे आणि सुगीत वैरण विकत घेऊन साठविणाऱ्या गावपातळीवरील वैरण बँका उभाराव्यात.

४. कळपांचे नेहमीचे मार्ग, पाणवठे व मुक्कामाची ठिकाणे नकाशावर आणावीत. १९६२ या क्रमांकावरील फिरत्या पशुवैद्यकीय पथकांना या मार्गांचे वेळापत्रक द्यावे. पशूच्या कानातील बारा अंकी बिल्ला हीच त्याची ओळख मानून लस, विमा व अनुदान कोणत्याही तालुक्यात मिळावे.

५. आठवडी बाजारांत वजनकाटा, पाणी व सावली यांची सोय बाजार समित्यांनी करावी.

६. घरच्या गोठ्यात वृद्ध गोवंश सांभाळणाऱ्या अल्पभूधारकास गोशाळेच्या दराने पोषण अनुदान द्यावे.

७. महामेषसारख्या योजनांत लाभार्थी निवडताना त्याच्याकडे किती महिन्यांच्या चाऱ्याची सोय आहे हे पाहावे आणि जेथे ती नाही तेथे अनुदानाचा काही भाग चाऱ्यासाठी वापरण्याची मुभा असावी.

समारोप

न्यूझीलंडमध्ये १९८२ साली सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या. १९८४ नंतर शासनाने अनुदाने काढून घेतली, लोकरीचा बाजार घसरला, जमिनी दुग्धव्यवसाय व वनलागवडीकडे वळल्या आणि आज तेथे अडीच कोटींहूनही कमी मेंढ्या उरल्या आहेत. सधन, निर्यातप्रधान देशातही मेंढीपालन केवळ पशुपालकाच्या कष्टावर टिकत नाही, तर जमीन, बाजार आणि धोरण यांच्या संयोगावर टिकते. बीडच्या मेंढपाळाला व बैलवाल्या शेतकऱ्याला हा नियम अधिकच काटेकोरपणे लागू पडतो, कारण त्याच्या हाती जमीन थोडी आणि पाऊस बेभरवशाचा आहे.

या जिल्ह्यातील कुटुंबांपुढील पर्याय मोजके आहेत. गावात चारा असेल, वाट मोकळी असेल आणि जनावराचे मोल होत असेल, तर ते कुटुंब गावातच राहून जगू शकते. यांतील एकेक गोष्ट निसटत गेली की कोयता हाच एक मार्ग उरतो. त्यामुळे पशुपालनाच्या योजनांचे यश वाटलेल्या मेंढ्यांच्या संख्येवरून मोजणे अपुरे आहे. तीन वर्षांनंतर त्या कुटुंबाच्या वाड्यात किती मेंढ्या आहेत, दावणीला बैल आहे की नाही आणि कुटुंबाचे किती महिने गावाबाहेर गेले, हे मोजले पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालयांना अशी पाहणी दरवर्षी करणे अशक्य नाही. अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण याच कुटुंबांतून आलेले आहेत. त्यांच्या गावची गायराने, वाटा व बाजार यांची नोंद झाली, तर धोरण ठरविणाऱ्यांपुढे आज नसलेली माहिती उपलब्ध होईल आणि जनावर वाटण्यापूर्वी गवताचा विचार करण्याची सवयही लागेल.